पळसपापडी जंतांवर चालते का? असे तपासतात

औषध : पळसपापडी, म्हणजे पळसाच्या शेंगेतली चपटी बी. त्यातला पॅलासोनिन हा घटक कृमिनाशक मानला जातो. अशाच दुसऱ्या वनौषधीत, वावडिंगाच्या फळात, एम्बेलिन असते.

शत्रू : हिमाँकस हा जंत. शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात, खऱ्या जठरात राहून रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली. हजार जंत म्हणजे रोज ५० मिली! लक्षणे : फिकट डोळे, जबड्याखाली सूज.

चाचणी : सारख्या वयाच्या जनावरांचे तीन गट : वनौषधी, अल्बेंडाझोलसारखे प्रचलित औषध आणि काहीच न दिलेला. लेंड्या औषधाआधी आणि १०-१४ दिवसांनी घेतात. मॅकमास्टर या मोजणीच्या काचपट्टीवर दर ग्रॅममागे अंडी मोजतात.

निकष : जागतिक पशुपरजीवीतज्ज्ञ संघटनेच्या १९९२च्या निकषांत अंड्यांच्या संख्येत ९५ टक्क्यांहून कमी घट हे जंत औषधाला दाद देत नसल्याचे एक लक्षण.

फरक : अंडी घटली म्हणजे जंत मेले असे नाही, मादी काही काळ अंडी घालणे थांबवू शकते. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतांवर दिसलेला परिणाम जनावराच्या पोटात दिसेलच असेही नाही.