लांबलेला प्रकाश, मंदावलेली घड्याळं

विश्व प्रसरण पावतंय हा शोध ज्या मोजणीपासून सुरू झाला, ती नेमकी उलट दिशा दाखवत होती. १९१२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावच्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानी या तेजोमेघाचा वर्णपट घेतला, तेव्हा त्यातल्या रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या निघाल्या. म्हणजे देवयानी आपल्याकडे येत होती, तीही सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने. स्लायफर चिकाटीने मोजत राहिले. १९१७ पर्यंत त्यांच्या यादीत असे २५ तेजोमेघ जमले आणि त्यातल्या २१ जणांच्या रेषा तांबड्याकडे सरकलेल्या होत्या. ही ताम्रसृती कशामुळे, हे मात्र त्यांना सांगता येईना, कारण हे तेजोमेघ किती दूर आहेत हेच ठाऊक नव्हतं. अंतराची फूटपट्टी हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी दिली. सेफीड जातीचे तारे ठरावीक काळाने उजळतात आणि मंदावतात, आणि तारा मूळचा जितका तेजस्वी तितका हा काळ मोठा, हे त्यांनी दाखवलं. ती पट्टी हातात घेऊन एडविन हबल यांनी १९२३ मध्ये देवयानीत असा एक तारा पकडला, आणि तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरला. पुढे १९२९ मध्ये त्यांनी २४ दीर्घिकांची अंतरं आणि वेग एका आलेखावर मांडले. दुप्पट दूर, तर दुप्पट वेग. बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी हाच निष्कर्ष आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून दोन वर्षं आधीच छापला होता, पण फ्रेंचमध्ये आणि फारशा कोणी न वाचणाऱ्या नियतकालिकात. त्यांचं नाव नियमाला जोडायची शिफारस व्हायला २०१८ साल उजाडलं.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. माझ्या मते खरा प्रश्न इथे सुरू होतो. प्रकाशाचं तांबड्याकडे सरकणं आणि दीर्घिकांचं दूर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दिसते, दुसरी आपण तिच्यावरून ताडतो. खुद्द हबलही ‘भासमान’ वेग असा जपून शब्द वापरत. तेव्हा प्रसरणाचा पुरावा द्यायचा तर ताम्रसृतीपलीकडचा साक्षीदार आणावा लागतो.

आधी प्रसरण म्हणजे काय, ते पाहू. परकराच्या नेफ्यात घालतात तसल्या इलास्टिकची दहा सेंटीमीटरची पट्टी घ्या आणि तिच्यावर दर सेंटीमीटरला पेनाने खूण करा. आता ती दुप्पट ताणा. कोणत्याही एका खुणेवर बोट ठेवून मोजा: शेजारची खूण एकावरून दोन सेंटीमीटरवर गेली, म्हणजे एक सेंटीमीटर सरकली, पाचवी खूण पाचावरून दहावर गेली, म्हणजे तेवढ्याच वेळात पाच सेंटीमीटर सरकली. हबल यांचा आलेख यापेक्षा वेगळं काही सांगत नाही. बोट दुसऱ्या खुणेवर ठेवा, आकडे तेच येतात. म्हणून सगळ्या दीर्घिका आपल्यापासून पळतात याचा अर्थ आपण मध्यभागी आहोत असा होत नाही. खुणा पट्टीवरून घसरलेल्या नाहीत, मधली पट्टी लांबली आहे. प्रकाशाची लाटही वाटेत तशीच लांबते आणि तांबडी होते. मग ही पट्टी पसरते कशात? बाहेर मोकळी जागा हवीच असं समीकरणं म्हणत नाहीत. अंतरं वाढतात एवढंच त्यांचं म्हणणं. आणि आपलं घर, सूर्यमाला, आकाशगंगा का ताणली जात नाही? गुरुत्वाकर्षणाने किंवा विद्युतबलाने घट्ट बांधलेल्या वस्तूंवर या ताणाचं काही चालत नाही. देवयानीही आपल्या आकाशगंगेशी अशीच बांधलेली आहे, म्हणून ती जवळ येते.

खरी हरकत १९२९ मध्येच फ्रिट्झ झ्विकी यांनी घेतली. प्रकाश कोट्यवधी वर्षं चालून थकत असेल आणि त्याची ऊर्जा वाटेत झिरपत असेल, तर दीर्घिका जागच्या जागी राहूनही तांबड्या दिसतील. हरकत चोख होती. फक्त वर्णपटाच्या जोरावर तिला उत्तर देणं अवघड होतं. उत्तर घड्याळाकडून आलं. प्रकाश नुसता थकला तर तो तांबडा होईल, पण घटनेला लागणारा वेळ बदलणार नाही. वाटच लांबत असेल तर आज निघालेला आणि उद्या निघालेला किरण यांच्यामधलं अंतरही लांबेल, आणि तिथली घटना आपल्याला संथ गतीने दिसेल. ‘आयए’ प्रकारच्या सुपरनोव्हांचं उजळणं आणि विझणं जवळपास ठरलेल्या वेळात होतं, त्यामुळे निसर्गाने घड्याळच टांगून ठेवलंय म्हणा ना. ज्या सुपरनोव्हाच्या लाटा दीडपट लांबलेल्या असतात, तिचं विझणंही दीडपट रेंगाळतं. १९९० च्या दशकात हे हाती लागलं आणि २०२४ मध्ये सुमारे दीड हजार सुपरनोव्हांच्या नोंदींनी ते पक्कं केलं. थकलेल्या प्रकाशाकडे या मंदावलेल्या घड्याळाचं उत्तर नाही.

दुसरी हरकत वयाची होती, आणि तिच्यातूनच पुढचा मोठा वाद जन्मला. हबल यांचा आकडा होता सेकंदाला ५०० किलोमीटर, दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे. त्या हिशोबाने विश्वाचं वय २०० कोटी वर्षांच्या आसपास येई, आणि पृथ्वीवरचे खडक तर त्याहून जुने निघत. आईपेक्षा लेक मोठी! १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी सेफीड ताऱ्यांचे दोन वेगळे प्रकार आहेत हे दाखवलं आणि अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. आज हा आकडा ७० च्या आसपास आहे आणि वय १३८० कोटी वर्षं. अजूनही एका पद्धतीने ६७ येतात आणि दुसरीने ७३. हा फरक मोजणीतल्या चुकीचा की विश्वाबद्दलच्या आपल्या समजुतीचा, यावर वाद चालू आहे. पण दोन्ही बाजू प्रसरणच मोजतात.

वयाचा पेच सुटायच्या आधी, १९४८ मध्ये, हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी वेगळी वाट काढली. विश्व प्रसरण पावतं, पण त्याला आरंभ नाही; मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य जन्मतं आणि घनता कायम राहते. हा स्थिर अवस्था सिद्धांत मराठी वाचकाला परका नाही, कारण कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी झाले आणि विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला यावर अखेरपर्यंत शंका घेत राहिले. त्यावरून ‘नारळीकर प्रसरण मानत नाहीत’ असं सर्रास बोललं जातं, ते चूक आहे. त्यांचा आक्षेप आरंभाला होता. प्रसरण त्यांच्या सिद्धांताचा पायाच होता.

स्थिर अवस्था सिद्धांताला मोठा धक्का १९६५ मध्ये बसला. पेन्झिअस आणि विल्सन या शास्त्रज्ञांना आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारं मंद सूक्ष्मतरंग प्रारण सापडलं, आणि ती तापलेल्या आरंभाची उरलेली धग मानली गेली. या प्रारणाचं आजचं तापमान २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअस. जागा ताणली जात असेल तर हे तापमान पूर्वी जास्त असलं पाहिजे, लाटा जितक्या पट लांबल्या तितक्या पट. पण भूतकाळात थर्मामीटर लावायचा कसा? पुण्याच्या ‘आयुका’तले रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने एका दूरच्या क्वासारचा प्रकाश तपासला. तो प्रकाश सुमारे ११०० कोटी वर्षांपूर्वी एका वायूच्या ढगातून आरपार आला होता. ढगातले कार्बनचे अणू आजूबाजूच्या प्रारणाने किती चेतवले गेलेत, हे शोषणरेषांवरून कळतं. अणूंच्या आपसातल्या टकरींचा वाटा वेगळा काढला की उरतो तो तापमानाचा आकडा. तिथे लाटा ३.३४ पट लांबल्या होत्या, म्हणजे अपेक्षित तापमान ९.१ केल्विन. मोजलेलं निघालं ६ आणि १४ केल्विनच्या दरम्यान. पट्टा रुंद आहे, पण आजचे २.७ त्यात कुठेच बसत नाहीत. हा निबंध डिसेंबर २००० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला, तेव्हा आयुकाचे संचालक होते जयंत नारळीकर.