नदी नेमकी कुठे गुदमरते?

कारखान्याचं सांडपाणी जिथे नदीत पडतं, तिथेच मासे मरत असतील असं आपण धरून चालतो. पण पाइपाच्या तोंडाशी पाण्यात प्राणवायू बऱ्यापैकी असू शकतो. नदी गुदमरते ती पुढे, कधी कधी दोन दिवसांच्या प्रवाहानंतर. आणि ती जागा कागदावर आधीच काढता येते!

ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स या अमेरिकनांनी १९२५ साली हे गणित मांडलं. जिवाणू घाण खाताना प्राणवायू संपवतात. हवेतून तो पाण्यात पुन्हा विरघळत राहतो. आधी खर्च जास्त असतो. पण तूट जितकी मोठी, तितकी भर जोरात पडते, हे मला यातलं सगळ्यात देखणं वाटतं. दोन्ही वेग जिथे बरोबरीला येतात तिथे प्राणवायू तळ गाठतो, मग नदी सावरू लागते. आलेखावर ही रेषा झोळीसारखी लोंबते.

खरं-खोटं करायला काचेची बाटली पुरते. नदीच्या पाण्यात मँगनीजचा क्षार आणि आयोडाइड मिसळलेला अल्कली घातला की गाळ धरतो. तो तपकिरी झाला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर पाणी मेलेलं.

आता कारखान्यानं नदीतून पाणी उचलणं घ्या. समजा, नदीत सेकंदाला ९ घनमीटर पाणी वाहतंय आणि त्याचा बीओडी, म्हणजे जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला १ मिलिग्रॅम आहे. त्यात ३० बीओडीचं १ घनमीटर सांडपाणी आलं तर मिश्रण ३.९ वर जातं. वरच्या अंगाला उपसा होऊन नदीत ३ घनमीटरच उरलं, तर त्याच सांडपाण्यानं आकडा ८.२५ होतो. सोडणाऱ्यानं एक थेंबही वाढवलेला नाही! शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि जिवाणूंची भूक वाढते.

म्हणून इथे प्रवाहाची वर्षाची सरासरी कुचकामी. अमेरिकेत सांडपाण्याची मर्यादा ठरवताना बहुधा दहा वर्षांतून एकदा येणारा सर्वांत कोरडा आठवडा धरतात. पंचगंगा नदीवर असा हिशेब मांडायचा तर कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, कधी घातले, कधी काढले तेही त्यात धरावं लागेल. कारण पाणी अडलं की खळखळ थांबते आणि हवेतून पडणारी भर मंदावते.