सुट्टीच्या दिवशीची मीटिंग

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. तुमच्या कॅलेंडरवर या चार तारखांना लाल रंग आहे आणि डोक्यात केळवे बीचचा प्लॅन. पण बोईसर-तारापूर पट्ट्यात राहत असाल तर साधारण याच दिवसांच्या आसपास तुमच्यासाठी आणखी एक आमंत्रण असतं: ग्रामसभेचं.

नाव ऐकूनच जांभई आली ना? मलाही यायची. ग्रामसभा म्हटलं की डोळ्यांसमोर पार, पिंपळ आणि धोतरवाले काका! पण 2011 च्या जनगणनेतलं बोईसर बघा. लोकसंख्या 36 हजारांच्या वर, शेजारी तारापूर एमआयडीसी, टॉवर, मोबाइल शोरूम, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. आजूबाजूला तर अजून गंमत. लेटरहेडवर पत्ता बोईसरचा, पण बिल्डिंग उभी सरावली नाहीतर खैरापाड्याच्या हद्दीत.

आता खरा हिशोब. कायद्याप्रमाणे ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यात जो आकडा कमी असेल तो. म्हणजे हजारोंच्या वस्तीसाठी शंभर डोकी पुरेशी! डहाणू लोकलच्या एका डब्यात सकाळी याहून जास्त माणसं उभी असतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. विकासाच्या योजनांना मंजुरी, लाभार्थ्यांची निवड, झालेल्या खर्चावर प्रश्न, हे सगळं तिथे होतं. तुम्ही नसलात तरी होतं.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांना ही ताकद आपल्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. 1996 चा पेसा कायदा आणि राज्याचे 2014 चे नियम यांमुळे तिथल्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होता येतं, स्वतःची ग्रामसभा घेता येते. आपल्या टू-बीएचकेवाल्यांची धाव मात्र सोसायटीच्या एजीएमपर्यंत, तीही पार्किंगचं भांडण असेल तर!

‘नगरपरिषद झाली की सगळं सुधारेल,’ असं ट्रेनमधला आमचा ग्रुप नेहमी म्हणतो. निधी वाढेल, खरंय. पण पालघरकडे बघा. तिथे नगरपरिषद आहे, म्हणून शहरात ग्रामसभा नाही. सभागृहात नगरसेवक बोलतात, नागरिक बाहेर. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद राज्यात 2009 साली झाली, पण ती कागदावरून वॉर्डात उतरलेली फारशी दिसली नाही. मुंबईत 1997 च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचऱ्यापासून सुरुवात केली आणि त्यातून गल्लोगल्ली ‘एएलएम’ उभे राहिले. चांगलंच झालं, पण ती मेहनत स्वयंसेवकांची, कायद्याने दिलेला हक्क नव्हे. ‘सिटी’ होण्याच्या नादात आपण हातातली खुर्ची सोडतोय, हे निदान माहीत असावं.

मग करायचं काय? आधी आपली ग्रामपंचायत नेमकी कोणती ते शोधा. नाव तिथल्या मतदार यादीत हवं. भाड्याने राहणाऱ्या बहुतेकांचं ते अजून जळगाव-सांगलीलाच असतं. फॉर्म 8 भरून पत्ता बदलता येतो. मुलींनो, मुख्य सभेआधी महिलांची वेगळी सभा असते, ती चुकवू नका. जाताना सतरा तक्रारी नेऊ नका, एकच न्या: गटार, पाणी किंवा रात्रीचे बंद दिवे. बिल्डिंगमधले चार जण सोबत घ्या. आणि उठण्याआधी तुमचा मुद्दा इतिवृत्तात लिहिला गेला का, ते वाचून घ्या. तोंडी आश्वासन हवेत जातं, ठराव कागदावर राहतो.

शंभरातला एक होणं इतकं सोपं मुंबईत कुठेच नाही.