पार्ल्यांतील तुटणारें इंटरनेट : दोष शोधण्याची रीत

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस बिऱ्हाड करून आहेत. विलेपार्ले येथें अशीं कुटुंबें बरींच आढळतात. गांवाकडील सातबाराचा उतारा काढणें, बाजारभाव पाहणें, खताबियाण्याचे पैसे पाठविणें, इतकेंच नव्हे तर कचेरीचें कामही हल्लीं घरांतील इंटरनेटवर चालतें. तें दिवसांतून दहा वेळां तुटूं लागलें म्हणजे मुलाची नोकरी अडचणींत येते, व पैसे पाठवितांना मध्येंच खंड पडल्यास रक्कम गेली कीं राहिली याचा घोर लागतो. सबब या दोषाचा शोध कसा घ्यावा याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पाटाचें पाणी शेतांत पोंचलें नाहीं म्हणून शहाणा शेतकरी एकदम धरणास दोष देत नाहीं. तो शेतचारीपासून उलट वर चालत जातो, आणि गवत कोठें माजलें, चारी कोठें फुटली, हें क्रमानें पाहतो. येथेंही रीत तीच.

परदेशाशीं जोडणाऱ्या समुद्रतळाच्या तारांपैकीं अनेक तारा पार्ल्याजवळच, वर्सोवा येथें किनाऱ्यास लागतात. जानेवारी २००८ मध्यें अलेक्झांड्रियाजवळ व सप्टेंबर २०२५ मध्यें तांबड्या समुद्रांत जेद्दाजवळ अशा तारा तुटल्या, तेव्हां भारतांतील इंटरनेट मंदावलें. परंतु असा बिघाड एकट्यादुकट्याचा नसतो. तो असंख्य लोकांस एकदम जाणवतो. आपल्याच घरीं दर तासास पांच मिनिटें खंड पडत असेल तर त्याचें मूळ जवळच शोधावें.

प्रथम घरांतील चारी पाहावी. राउटर नांवाच्या पेटीस संगणक तारेनें जोडावा. तारेवर काम नीट चालून वायफाय तेवढें तुटत असेल, तर दोष घरांतला. पार्ल्याच्या इमारतींत घरास घर लागलेलें, आणि बहुतेक पेट्या २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यांत बोलतात. त्या पट्ट्यांत एकमेकांस न अडविणारे मार्ग १, ६ व ११ असे तीनच धरले जातात. त्यांतला कमी गर्दीचा निवडावा, अथवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा घ्यावा. पेटी कपाटांत न कोंडतां घराच्या मध्यभागीं उंचावर ठेवावी.

५ गिगाहर्ट्झविषयीं पार्लेकरांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्यांतील ५२ ते १४४ या क्रमांकांचे मार्ग रडारांशीं सामाईक आहेत. रडारची चाहूल लागतांच पुष्कळ पेट्या मार्ग सोडतात, व तशाच दुसऱ्या मार्गावर जाण्यापूर्वीं निदान एक मिनिट नुसत्या ऐकत बसतात. तेवढा वेळ वायफाय बंद. पार्ल्याच्या उत्तरेस वेरावली येथें हवामान खात्याच्या ज्या रडारचें सन २०२२ मध्यें उद्घाटन झालें, तें याच सुमाराच्या लहरींवर चालणाऱ्या जातीचें आहे. आपणां शेतकऱ्यांस पावसाची वार्ता देणाऱ्या यंत्रास वाट देणें योग्यच होय. ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढील मार्ग घेतल्यास हें कारण उरत नाहीं.

तारेवरही खंड पडत असेल, तर पेटीचे दिवे पाहावेत. सर्व दिवे एकदम विझून पुन्हां लागत असतील तर दोष विजेचा समजावा. ‘एल.ओ.एस.’ हा दिवा तांबडा लागल्यास काचतंतूंतून पुरेसा प्रकाश येत नाहीं असें जाणावें. हा तंतु अवघा ०.१२५ मिलिमीटर जाडीचा. त्यास तीव्र बांक पडला कीं प्रकाश बाहेर सांडतो. मुंबईंत पुष्कळ ठिकाणीं तो गच्चीवरून गच्चीवर नेलेला असतो. जुनी इमारत पाडतांना, रस्ता खणतांना, किंवा पावसाळी वाऱ्यानें त्यास इजा होते.

प्रत्येक खंडाची तारीख, वेळ, मिनिटें व दिव्याचा रंग वहींत लिहून ठेवावा. आमच्या पार्ल्याच्या बिऱ्हाडीं कारागिरांनीं दोनदां पेटी बदलूनही गुण आला नाहीं. पुढें पंधरा दिवस नोंद ठेविली, तेव्हां खंड सकाळींच पडतो व दिवा तांबडा असतो असें दिसलें. वही पाहतांच नवा कारागीर थेट गच्चीवर गेला. वाळवण घालण्यासाठीं दार उघडलें कीं बिजागरीपाशीं तंतु चेंगरत होता. तो अर्ध्या तासांत सोडवून नवा ओढला, आणि खंड थांबला.

तक्रार करितांना तिचा क्रमांक अवश्य मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांन्वयें, तक्रार केंद्रांत समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागतां येते. तेथें नुसत्या त्राग्यापेक्षां लिहिलेली वही अधिक उपयोगी पडते.

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतु नेण्याची योजना केंद्र सरकारनें सन २०११ मध्यें मंजूर केली. हा तंतु गांवोगांव घरांत शिरेल, तेव्हां तेथेंही तो कोठेंतरी चेंगरेल, कोठें उंदीर कुरतडील. पाण्याच्या पाळीची नोंद ठेवणाऱ्या आमच्या बंधूंस ही एक वही अधिक जड जाऊं नये.