गांडूळ, वाळा आणि देवगांडूळ

चिपळूण तालुक्यात मृगाचा पाऊस पडून गेला, की पोफळीच्या बागेत आळी करताना कुदळीखाली एखादा पाय नसलेला, वळवळणारा प्राणी हटकून सापडतो. "साप!" अशी ओरड होते आणि क्षणात त्याचे दोन तुकडे होतात. वस्तुतः बिनपायांचा प्रत्येक प्राणी साप नव्हे. प्राण्याचे कूळ ओळखावयाचे तर त्याचा सांगाडा पाहावा लागतो.

गांडुळाच्या अंगात हाड मुळीच नसते. म्हणून त्याची गणना अपृष्ठवंशीय प्राण्यांत होते.

वाळा दिसतो गांडुळासारखा, जेमतेम वीतभर. परंतु तो खरा साप आहे. अंगावर गुळगुळीत खवले आणि आत मणक्यांची लांबच लांब माळ. माणसाला बरगड्यांच्या १२ जोड्या असतात, सापाला शेकडो. सापास छातीचे हाड नसल्याने बरगड्यांची टोके खाली मोकळी राहतात. जबड्याच्या खालच्या दोन फाकीही लवचीक बंधाने जोडलेल्या असतात. धामण भला मोठा उंदीर सबंध गिळते ती याच रचनेमुळे. सापाच्या पूर्वजांना पाय होते, याची खूण अजगराच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या दोन नख्यांत आजही दिसते.

देवगांडुळाची गोष्ट याहून निराळी. अंग ओलसर, त्यावर वळ्या. पण आत कवटी, दातांचा जबडा व कणा आहे, बरगड्या मात्र आखूड. हा उभयचर, म्हणजे बेडकाचा भाऊबंद. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावची एक जात २००३ साली, तर कुंभार्ली घाटापलीकडे कोयनेजवळ हुंबरळी येथील दुसरी २००४ साली शास्त्रास नव्याने ज्ञात झाली. आपल्या कुदळीखाली काय चिरडले जाते, हे कोणी सांगावे!

वाळा मुंग्यांची व वाळवीची अंडी खातो. तो आणि देवगांडूळ, दोघांपासूनही माणसास अपाय नाही.

मात्र लहान म्हणून कोणताही साप हाती धरू नये. जांभ्या दगडांच्या सांदीत राहणारे फुरसे हातभरच असते, पण अत्यंत विषारी. डिवचले असता ते वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करते. दंश झाल्यास जखम चिरू नये, आवळून बांधू नये. रोग्यास हालचाल करू न देता तत्काळ सरकारी रुग्णालयात न्यावे. ग्रामसेवकांनी दगड उलटण्यासाठी हाताऐवजी कुदळीचा दांडा वापरण्याची सवय शेतकरी बंधूंस लावावी.