डेमलो संख्या : अंकलेखन आणि संख्यागुण

ठाणे येथे शालेय शिक्षण घेतलेले व देवळालीस अध्यापन केलेले गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी एका संख्याकुलास रेल्वे स्थानकाचे नाव दिले. त्यांचे ‘डेमलो’ म्हणजेच आजचे डोंबिवली होय. या संख्यांची कल्पना त्यांना तेथे सुचली.

डेमलो संख्येचे तीन भाग पडतात. मध्यभागी एकच अंक असतो किंवा त्याचीच पुनरावृत्ती होते. आद्य व अंत्य भागांच्या बेरजेतही तोच अंक येतो. उदाहरणार्थ, २५५३ मध्ये २ व ३ मिळून ५ होतात.

या कुलातील १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या विशेष लक्षणीय आहे. १२३४५६७८ व ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ येते. मध्यभागी ९ आहेच. ही संख्या १११११११११ चा वर्ग होय. गुणाकार मांडताना प्रत्येक ओळ एका स्थानाने सरकते. म्हणून स्तंभांतील एककांची बेरीज एकापासून नवापर्यंत चढते व तशीच उतरते. दहा एकके घेताच हातचा येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ होऊन सममिती भंगते.

अशा संशोधनास केवळ अंकांचा खेळ मानण्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावा. सममिती ही दशमान लेखनाची देणगी होय. अष्टमान पद्धतीत ती सात एककांपर्यंतच टिकेल. मात्र वरील संख्येचे मूळ अवयव ३ (चार वेळा), ३७ व ३३३६६७ (प्रत्येकी दोनदा) आणि तिचे एकूण ४५ विभाजक कोणत्याही लेखनपद्धतीत अबाधित राहतात. शब्द आणि अर्थ यांत जो विवेक करावा लागतो, तोच अंक आणि संख्या यांतही आवश्यक आहे.