शाकारणीला चढण्यापूर्वी

मे महिन्यात वळिवाचे ढग दिसले की आमच्या खानापूर भागात शाकारणीची घाई सुरू होते. कौलांवर गडी जपून पाय टाकतात. घात होतो तो गोठ्यावरच्या सिमेंटच्या पन्हळी पत्र्याने. जुना पत्रा दिसतो दगडासारखा, पण माणसाचे वजन पेलत नाही, एकदम फुटतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच गोठ्यावर हे घडले. "खिळ्यांच्या रेषेवरूनच चालतो," असे गडी म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. पाऊल चार बोटे चुकले. तो बारा फूट खाली दगडी जमिनीवर आला. जाड फळी अंगणातच पडून होती, हे अजून सलते. पत्र्याखालच्या निदान दोन आडव्या वाशांवर टेकेल अशी लांब फळी दोराने बांधून, तिच्यावरूनच काम करावे. बारा फुटांवर टेकणाऱ्या शिडीचा पाय भिंतीपासून तीन फूट लांब हवा.

चौघे त्याला हातपाय धरून उचलायला धावले. शेजारच्या नर्सबाई ओरडल्या म्हणून बरे! मणका मोडला असेल तर अशा उचलण्यानेच पाय कायमचे लुळे पडू शकतात. बाईंनी त्याचे डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरली, पाणी पाजू दिले नाही आणि १०८ ला फोन करायला लावला.

घराच्या गच्चीला कठडा करावा, नाहीतर पडणाऱ्याचा दोष घरावर येतो, असे जुन्या करारात सांगितले आहे (अनुवाद २२:८). मजुरी बोलण्याआधी आम्ही आता फळी आणि दोर काढून ठेवतो. तो गडी पाच महिन्यांनी कामावर आला. छपरावर मात्र चढत नाही.